गोठ्याच्या हवेतलं गाईचं ॲलर्जन कसं मोजायचं: पंप लावण्यापासून हिशोबापर्यंत

गाईच्या अंगावरचा कोंडा, केस, घाम आणि मूत्र यांतली काही प्रथिनं धुळीबरोबर हवेत उडतात. ती ॲलर्जी घडवतात, म्हणून त्यांना ॲलर्जन म्हणतात. ज्यांचं शरीर त्यांना विरोध करायला शिकलेलं असतं, त्यांना आधी शिंका येतात, नाक गळतं, डोळे चुरचुरतात आणि काहींना पुढे दमा जडतो. या प्रथिनांतलं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बॉस डी २. रेणूचं वजन सुमारे २० किलोडाल्टन, लिपोकॅलिन या प्रथिनांच्या कुळातलं, आणि ते त्वचेतल्या घामाच्या ग्रंथींत तयार होतं. फिनलंडमध्ये जनावरं हिवाळ्याचे कित्येक महिने बंद गोठ्यात राहतात. तिथे गाईच्या कोंड्यामुळे होणारा दमा हा शेतकऱ्यांचा मोठा व्यावसायिक आजार ठरला, आणि हवेतलं हे प्रथिन मोजण्याचं बरंच पायाभूत काम तिथे व जर्मनीत झालं.

आपला गोठा त्या गोठ्यांपेक्षा वेगळा असतो. दोन-तीन बाजू उघड्या, शेजारी म्हशी, दारातच कडबा कुट्टीचं यंत्र, आणि धारा काढणारी बाई उकिडवी बसलेली. म्हणून तिकडची पद्धत घेताना काही गोष्टी बदलाव्या लागतात. पशुवैद्यक, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राच्या ज्या विद्यार्थ्यांना हे काम पहिल्यांदाच करायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: आकडा प्रयोगशाळेत बिघडण्यापेक्षा गोठ्यात जास्त वेळा बिघडतो. त्यामुळे इथे गोठ्यातल्या कामाला जास्त जागा दिली आहे.

पायरी १: कोणाच्या नाकाशी काय मोजायचं ते ठरवा

"गोठ्यात ॲलर्जन किती आहे" या प्रश्नाला उत्तर नसतं. कुठे, केव्हा आणि कोणासाठी, हे आधी ठरवावं लागतं. माणसाच्या श्वासात किती जातं हे हवं असेल, तर सॅम्पलर, म्हणजे पंपाने ओढलेल्या हवेतली धूळ फिल्टरवर पकडणारं साधन, माणसाच्या अंगावर, नाकातोंडापासून ३० सें.मी.च्या आत लावायचा. गोठ्याची रचना बदलल्याने, उदाहरणार्थ छपराला वायुवीजनाची फट ठेवल्याने, फरक पडतो का हे पाहायचं असेल, तर खांबाला १.५ मीटर उंचीवर बांधलेला स्थिर सॅम्पलर चालतो. या दोन आकड्यांची अदलाबदल करू नका. धारा काढणाऱ्या व्यक्तीचं डोकं गाईच्या कुशीला जवळजवळ टेकलेलं असतं. १.५ मीटरवरचा सॅम्पलर तिचा श्वास मोजत नाही.

धूळ आणि ॲलर्जन हेही वेगळं. कुट्टी करताना धुळीचा लोट उठतो, पण त्यात बहुतांश वनस्पतीचे कण असतात. खरारा करताना डोळ्यांना फारशी धूळ दिसत नाही, पण तिच्यात कोंड्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून धुळीच्या वजनावरून ॲलर्जनचा अंदाज बांधता येत नाही. दोन्ही मोजलीत तर उत्तमच, पण एकावरून दुसरं काढू नका.

पायरी २: साहित्य

सुरुवातीला एवढं पुरतं:

- अंगावर बाळगायचे बॅटरीवरचे पंप, मिनिटाला २ लिटरचा प्रवाह किमान ८ तास टिकवणारे. तीन हवेत, म्हणजे एक बिघडला तरी दिवस वाया जात नाही.
- श्वासात जाऊ शकणारी एकूण धूळ पकडणारे आयओएम सॅम्पलर. यांना २५ मि.मी. फिल्टर लागतो आणि प्रवाह मिनिटाला २ लिटरच हवा.
- पीटीएफईचे, म्हणजे टेफ्लॉनचे फिल्टर. हवेतला ओलावा ते फारसा धरत नाहीत आणि प्रथिनंही सहज सोडतात.
- प्रवाह तपासायला साबणाच्या बुडबुड्याचा किंवा पिस्टनचा कॅलिब्रेटर. रोटामीटर, म्हणजे नळीत तरंगणाऱ्या गोळीवरून प्रवाह दाखवणारं साधन, केवळ झटपट पाहणीसाठी. तापमान आणि दाब बदलला की त्याचं वाचन सरकतं, आणि मे महिन्यातल्या पत्र्याखाली ते चांगलंच सरकतं.
- पट्टा किंवा छोटी पाठपिशवी, नळी अडकवायला चिमटे, झिपच्या पिशव्या, सिलिका जेल, बर्फाची पेटी, घड्याळ, वही.

प्रवाह २ लिटरच का, असा प्रश्न नवखे विचारतात. सॅम्पलरच्या तोंडाचा आकार आणि हवा आत ओढण्याचा वेग यांच्या मेळावर कोणत्या आकाराचे कण आत जातील हे ठरतं. जास्त हवा मिळावी म्हणून त्याच सॅम्पलरवर ३ लिटर लावलेत, तर तो वेगळ्याच कणांचा सॅम्पलर होतो. जास्त हवा हवी असेल तर त्यासाठी बनवलेला सॅम्पलर घ्या. जीएसपी मिनिटाला ३.५ लिटरवर चालतो, बटन सॅम्पलर ४ लिटरवर.

पायरी ३: आदल्या दिवशीची तयारी

फिल्टर कॅसेटमध्ये, म्हणजे सॅम्पलरच्या आतल्या फिल्टर धरणाऱ्या डबीत, बसवण्याचं काम गोठ्यापासून लांब, पुसलेल्या टेबलावर, हातमोजे घालून करा. चामड्याचा पट्टा, चामडी पाकीट, कालच्या गोठ्यातला शर्ट, चहात पडलेलं दूध, या सगळ्यांत गाईची प्रथिनं असतात. गोठ्यात घातलेले कपडे या खोलीत आणायचे नाहीत.

धुळीचं वजनही करायचं असेल तर फिल्टर आणि कॅसेट एकत्र तोला. आयओएममध्ये कॅसेटच्या आतल्या भिंतीवर बसलेली धूळसुद्धा नमुन्याचाच भाग असते. तोलण्याआधी किमान २४ तास २० अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवायला हवं. प्लास्टिकची कॅसेट ओलावा पिते, आणि पावसाळ्यात एवढ्याने वजन इतकं बदलतं की धुळीचा हिशोब उलटाही येऊ शकतो. अशी खोली नसेल तर स्टीलच्या कॅसेट मिळवा. त्याही नसतील तर वजनाचा नाद सोडून फक्त ॲलर्जन मोजा. ओढूनताणून केलेलं वजन कोणाच्याच कामाचं नाही.

पंप रात्रभर चार्ज करा. प्रत्येक कॅसेटला क्रमांक द्या आणि वहीत आधीच रकाने आखा: पंप क्रमांक, कॅसेट क्रमांक, सुरू, बंद, सुरुवातीचा प्रवाह, शेवटचा प्रवाह, शेरा.

पायरी ४: गोठ्यात

पहाटेची धार टिपायची तर धारेच्या अर्धा तास आधी पोहोचा. प्रवाह तिथेच, त्याच हवेत, सॅम्पलर जोडलेल्या स्थितीत तपासा. तीन वेळा मोजून सरासरी लिहा. प्रवाह १.९ ते २.१ लिटरमध्ये बसला पाहिजे. काम संपल्यावर पंप बंद करण्याआधी पुन्हा मोजा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या प्रवाहात ५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर तो नमुना बाजूला काढा. कारण बहुधा तीनपैकी एक असतं: फिल्टर धुळीने गच्च झाला, नळी दुमडली, किंवा बॅटरी संपत आली.

सॅम्पलर गळ्याशी, कॉलरवर किंवा छातीच्या वरच्या भागात, तोंड समोर करून लावा. नळी पाठीवरून न्या. पुढून लोंबणारी नळी गाय चाटते, ओढते, आणि एकदा तिने ती चघळली की प्रवाहाचं काही खरं नाही. साडी नेसणाऱ्या बायकांसाठी कमरेच्या पट्ट्यापेक्षा पाठपिशवी सोयीची. इथे एक नेमकी अडचण येते. धूळ उडाली की पदर नाकावर घेतला जातो, आणि त्या पदराखाली सॅम्पलरही झाकला जातो. सॅम्पलर पदर नसलेल्या खांद्याला लावा, आणि तरीही झाकला गेला तर किती मिनिटं ते लिहा. "पदर घेऊ नका" असं मात्र सांगू नका. तिचं संरक्षण तुमच्या नमुन्यापेक्षा मोठं आहे.

हाताने धार काढताना सॅम्पलर गाईच्या अंगाला घासतो. मग केस आणि कोंडा थेट आत पडतो, हवेतून येत नाही. कॅसेट उघडल्यावर फिल्टरवर अख्खे केस किंवा कोंड्याचे पापुद्रे दिसले तर शेरा लिहा आणि हिशोबात असे नमुने वेगळे ठेवा. एकच पापुद्रा आठ तासांच्या हवेपेक्षा जास्त ॲलर्जन देऊ शकतो.

स्थिर सॅम्पलर पंख्याच्या झोतात, फॉगरखाली किंवा दावणीच्या आवाक्यात नको. उघड्या गोठ्यात एकाच सॅम्पलरवर भिस्त ठेवू नये, कारण वाऱ्याची दिशा बदलली की आकडा बदलतो. एक आत मधोमध, एक वाऱ्याच्या वरच्या बाजूला गोठ्याबाहेर आणि एक खालच्या बाजूला, अशी मांडणी करा. मुक्त संचार गोठ्यात तर हे हवंच, नाहीतर तुम्ही गोठा मोजताय की वारा, ते कळणार नाही. गोठा धुताना पाण्याचे शिंतोडे फिल्टरवर येणार नाहीत हे पाहा. भिजलेला फिल्टर बाद.

मिनिटागणिक नोंद ठेवा: ५:४० झाडलोट, ५:५५ वैरण टाकली, ६:०५ पहिली धार. किती जनावरं, किती गाई, किती म्हशी, ताडपत्री वर की खाली, तापमान, आर्द्रता. पावसाळ्यात आणि थंडीच्या पहाटे ताडपत्र्या खाली सोडलेल्या असतात, हवा खेळत नाही, आणि तोच गोठा उन्हाळ्यापेक्षा पार वेगळा वागतो. ही नोंद नसेल तर दोन ऋतूंची तुलना करता येत नाही.

कोरे नमुने

दर दहा नमुन्यांमागे किमान एक कोरी कॅसेट गोठ्यात न्या. तिथे क्षणभर उघडा, पंप न लावता बंद करा आणि बाकीच्यांबरोबरच परत आणा. छोट्या कामात दहामागे एक पुरत नाही. एकूण किमान तीन तरी ठेवा. कोऱ्या नमुन्यात गाईचं प्रथिन सापडलं तर त्याचा अर्थ ते तुमच्या हातांवरून, पिशवीतून किंवा टेबलावरून आलं. गाईंच्या बाबतीत हे नेहमी घडतं. हा भाग गाळून केलेल्या मोजमापावर आमचा विश्वास बसत नाही, मग यंत्र कितीही महागडं असो.

वीज नाही, पंप नाही, तर

स्थितविद्युत कापडाची पद्धत स्वस्त आहे. फरशीची धूळ पुसायला मिळणारं असं कापड सपाट चौकटीत ताणून बसवायचं, गोठ्यात उंचावर आडवं ठेवायचं, आणि खाली बसणारी धूळ त्यावर साचू द्यायची. घरांमध्ये हे साधारण १४ दिवस ठेवतात. गोठ्यात तेवढ्या दिवसांत कापड भरून जातं आणि नवी धूळ धरेनासं होतं, म्हणून आधी ७ आणि १४ दिवसांची कापडं शेजारी-शेजारी ठेवून पाहा. १४ दिवसांचा आकडा ७ दिवसांच्या दुपटीच्या जवळपास आला नाही, तर अवधी कमी करा. कापडाचं उघडं क्षेत्रफळ पट्टीने मोजा. निकाल दर चौरस मीटरला नॅनोग्रॅम असा येतो. त्याचं घनमीटरमध्ये रूपांतर करता येत नाही, कोणी करून दाखवलं तरी मानू नका. चिमण्या, पाली आणि कोळिष्टकं यांपासून कापड जपावं लागतं. शेतकऱ्याच्या झोपण्याच्या खोलीत असंच एक कापड ठेवलंत तर कपड्यांवरून घरात किती ॲलर्जन येतं तेही कळतं, आणि बऱ्याचदा कुटुंबाला हीच माहिती सर्वांत उपयोगी पडते.

पायरी ५: नेणं आणि साठवणं

कॅसेट फिल्टरची वरची बाजू वरच राहील अशी, न हिंदकळता न्या. मोटारसायकलच्या डिकीत खडबडीत रस्त्यावर धूळ सुटून कॅसेटच्या झाकणावर येते. झिपच्या पिशवीत सिलिका जेल टाकून बर्फाच्या पेटीत ठेवा, त्याच दिवशी उणे २० अंशांवर. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दमट हवेतलं पाणी थेट फिल्टरवर जमतं.

पायरी ६: अर्क काढणं

फिल्टर चिमट्याने नळीत टाका. पीबीएस या फॉस्फेटच्या द्रावणात ०.०५ टक्के ट्वीन-२० हे साबणासारखं द्रव्य मिसळून त्याचे ३ मि.लि. घ्या, आणि त्यातल्याच थोड्या द्रावणाने कॅसेटची आतली भिंत धुऊन ते पाणी त्याच नळीत ओता. एकूण आकारमान ३ मि.लि.च राहिलं पाहिजे. ट्वीन दोन कामं करतं: प्रथिनांना नळीच्या भिंतीला चिकटू देत नाही आणि पाणी झटकणारा टेफ्लॉनचा फिल्टर भिजवतं. फिल्टर वर तरंगत असेल तर खाली दाबा. खोलीच्या तापमानाला २ तास हलवा, मग सेंट्रिफ्यूजमध्ये १००० जी वर १५ मिनिटं फिरवा आणि वरचं स्वच्छ द्रावण ०.५ मि.लि.च्या वाट्यांत विभागून गोठवा. एकच वाटी पुन्हा पुन्हा वितळवली-गोठवली की प्रथिन कमी भरतं. कोऱ्या फिल्टरनाही हेच सगळं, याच दिवशी. कापडाला मात्र ३ मि.लि. पुरत नाही, ते पूर्ण बुडेल इतकं द्रावण घ्या, साधारण २० मि.लि., आणि सगळ्या कापडांना तेवढंच.

पायरी ७: एलायझा

एलायझा ही प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक प्रथिनाला नेमकी चिकटणारी प्रथिनं, वापरून रंगावरून मोजणारी चाचणी. सँडविच प्रकारात मोजायचं प्रथिन दोन प्रतिपिंडांच्या मधे पकडलं जातं. त्याचा गाभा असा: ९६ खळग्यांच्या प्लेटला पहिलं प्रतिपिंड चिकटवायचं, रिकाम्या जागा झाकायच्या, नमुना टाकायचा, दुसरं प्रतिपिंड, त्यावर विकर, मग टीएमबी या रंगद्रव्याचा निळा रंग, आम्लाने थांबवल्यावर पिवळा, आणि ४५० नॅनोमीटरवर वाचन. प्रत्येक खळग्यात साधारण १०० मायक्रोलिटर. वेळ आणि तापमान किटच्या पत्रकाप्रमाणे. प्रत्येक नमुना दोन खळग्यांत, प्रत्येक प्लेटवर प्रमाण द्रावणाची, म्हणजे ॲलर्जनची मात्रा माहीत असलेल्या द्रावणाची, मालिका, कोरे नमुने आणि आधीच्या प्लेटवरचा एक ओळखीचा नमुना.

चुका होतात त्या अशा.

पहिली चूक रिकाम्या जागा झाकताना. प्रयोगशाळेत सवयीने दुधाची पावडर किंवा बीएसए वापरतात. बीएसए म्हणजे गाईच्याच रक्तातलं अल्ब्युमिन, आणि तेही नोंदलेलं ॲलर्जन आहे, बॉस डी ६. दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे बॉस डी २ प्रमाणेच लिपोकॅलिन. तुमचं प्रतिपिंड गाईच्या केसांच्या संपूर्ण अर्काविरुद्ध बनवलेलं असेल, तर ही द्रव्यं टाकून तुम्ही मोजायची वस्तूच प्लेटवर ओतत असता. माशाचं जिलेटिन वापरा. प्रतिपिंड फक्त बॉस डी २ ओळखणारं असेल तर धोका कमी, पण आधी तपासून घ्या.

दुसरी, पुरेसं पातळ न करणं. गोठ्याचा नमुना घट्ट असतो. ॲलर्जन फार झालं की दोन्ही प्रतिपिंडं वेगवेगळ्या रेणूंना धरून बसतात, सँडविच जुळत नाही आणि वाचन उलट कमी येतं. प्रत्येक नमुना १:१०, १:१०० आणि १:१००० असा चालवा. पातळपणाने गुणल्यावर तिन्ही उत्तरं जवळपास सारखी आली पाहिजेत. १:१० चं उत्तर बरंच कमी असेल तर तोच हा दोष, किंवा अर्कातलं दुसरं काहीतरी आड येतंय.

तिसरी, मिळकत न तपासणं. काही अर्कांत प्रमाण ॲलर्जनची माहीत असलेली मात्रा घाला आणि परत किती मिळते ते पाहा. ८० ते १२० टक्के चांगलं.

म्हशींबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं. किट गाईसाठी बनलेलं असतं. मिश्र गोठ्यात त्याचा आकडा वापरण्याआधी म्हशीच्या केसांचा आणि गाईच्या केसांचा अर्क शेजारी-शेजारी, एकाच पातळीकरण मालिकेत चालवा. दोन्ही वक्र समांतर असतील तर प्रतिपिंड म्हशीलाही ओळखतं, आणि मग आकडा "गाय-म्हैस मिळून" असाच लिहायचा. समांतर नसतील तर म्हशीबद्दल तुमच्याकडे आकडा नाही.

पायरी ८: हिशोब

सूत्र एकच: (वाचन × पातळीकरण × अर्काचं आकारमान) ÷ हवेचं आकारमान.

समजा १:२० पातळ केलेल्या अर्काचं वाचन दर मि.लि.ला ४ नॅनोग्रॅम आलं. मूळ अर्कात ८० नॅनोग्रॅम दर मि.लि., ३ मि.लि.मध्ये २४०. प्रवाह सुरुवातीला २.० आणि शेवटी १.९ लिटर, सरासरी १.९५; वेळ ३०० मिनिटं; हवा ५८५ लिटर, म्हणजे ०.५८५ घनमीटर. उत्तर दर घनमीटरला ४१० नॅनोग्रॅम. कोऱ्या नमुन्यांत काही सापडलं असेल तर त्यांची सरासरी २४० मधून आधी वजा करा.

शोधमर्यादा, म्हणजे खात्रीने ओळखता येणारं सर्वांत कमी प्रमाण, कोऱ्या नमुन्यांवरूनच ठरते: त्यांची सरासरी अधिक प्रमाण विचलनाच्या तिप्पट. कमी वेळाच्या कामांत ही मर्यादा अडवते. अर्कासाठी ती दर मि.लि.ला ०.१ नॅनोग्रॅम असेल, तर ३ मि.लि.मध्ये ०.३ नॅनोग्रॅम. आठ तासांच्या ०.९६ घनमीटर हवेत ती मर्यादा सुमारे ०.३ नॅनोग्रॅम दर घनमीटर होते, पण वीस मिनिटांच्या खराऱ्याच्या ०.०४ घनमीटर हवेत ७.५. म्हणून छोट्या कामासाठी एकच फिल्टर तीन-चार दिवस त्याच कामाला लावून वेळ जमवा. मधल्या काळात कॅसेट बंद करून फ्रिजमध्ये.

एका दिवसाच्या पाच पंपांपेक्षा पाच दिवसांचा एक पंप जास्त सांगतो. गोठ्याची हवा रोज बदलते, त्यामुळे एका ऋतूत किमान तीन दिवस घ्या. आकडे एका बाजूला लांब शेपटीसारखे पसरतात, म्हणून साध्या सरासरीबरोबर भूमितीय सरासरीही द्या.

शेतकऱ्याला काय सांगायचं

भारतात गाईच्या ॲलर्जनसाठी हवेतली कायदेशीर मर्यादा नाही. त्यामुळे "सुरक्षित" किंवा "धोकादायक" हे शब्द आकड्याला लावू नका. त्याच गोठ्यातल्या दोन कामांची, दोन ऋतूंची किंवा बदलाआधीची आणि नंतरची तुलना मात्र ठामपणे देता येते. दुसऱ्या अभ्यासातल्या आकड्याशी तुलना करायची तर सॅम्पलर आणि प्रतिपिंड दोन्ही तेच असले पाहिजेत.

कोणाला त्रास होत असेल तर छातीच्या किंवा ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे पाठवा, सोबत तुमची मिनिटांची नोंद द्या. त्रास वैरण उलटताना होतो की धारेच्या वेळी, हे त्या वहीतून दिसतं. वैरणीशी त्रास जुळत असेल तर साठवणीतले माइट्स (अतिसूक्ष्म किडे) आणि बुरशी हा वेगळा संशय उभा राहतो. त्यासाठी गाईचा एलायझा कामाचा नाही, पण अर्काच्या एक-दोन वाट्या उणे ८० अंशांवर राखून ठेवल्या असतील तर माइट्सची चाचणी त्याच नमुन्यावर करता येते.